डेटिंग सिमवरचं पिनबॉल टेबल: चित्रं नव्हे, आधी नियम

वेंगुर्ल्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: कोनामीच्या १९९४ च्या ‘तोकिमेकी मेमोरियल’ या डेटिंग सिमवर (पात्रांशी ओळख वाढवून प्रेम जुळवायचा खेळ) व्हिज्युअल पिनबॉल एक्समध्ये (संगणकावर पिनबॉल टेबल बनवायचा प्रोग्राम) चाहता म्हणून टेबल करायला घेतलं आहे. सगळ्या नायिकांची चित्रं टार्गेटवर लावून झाली, पण खेळताना ते कुठल्याही साध्या पिनबॉलसारखंच वाटतं. रॅम्पवर बॉल अडकतो, काही ट्रिगर (बॉल वरून गेला की नोंद घेणारे स्विच) आपोआप लागतात, आणि गणपतीला चाकरमानी घरी येतील तेव्हा पेटीत बसवून सगळ्यांना खेळायला द्यायचं आहे.

आधी चित्रं सगळी काढून ठेवा. टेबल रिकामं, पांढरं करा. डेटिंग सिमचा जीव चेहऱ्यांत नसतो, वेळेच्या वाटणीत असतो. एकीला वेळ दिला की दुसरीकडे दुर्लक्ष होतं आणि त्या दुर्लक्षाची किंमत मोजावी लागते. हा एक नियम टेबलात उतरला तर पांढऱ्या टेबलावरही खेळ ओळखू येईल. तो नसेल तर कितीही सुंदर चित्रं लावली तरी उपयोग नाही.

मूळ खेळात हा नियम फार कडक आहे. एखाद्या मुलीकडे बराच काळ लक्ष दिलं नाही की तिच्या नावापुढे बॉम्ब दिसतो. तो फुटला की तिचीच नव्हे, सगळ्यांचीच तुमच्याबद्दलची ओढ घसरते. शिवाय अभ्यास, विज्ञान, कला, खेळ, रूप असे गुण वाढवले की त्या गुणाशी जोडलेली मुलगी ओळखीची होते. म्हणजे सगळं वाढवत गेलात की ओळखी वाढतात आणि बॉम्बही वाढतात. मुदत हायस्कूलच्या तीन वर्षांची. शेवटी पदवीदानाच्या दिवशी शाळेतल्या त्या प्रसिद्ध झाडाखाली प्रेमाची कबुली, आणि ती कबुली मुलगी देते, खेळणारा नाही.

तिथे तीन वर्षं आणि पिनबॉलच्या एका खेळात तीन बॉल. हे इतकं नेमकं जुळतं की दुसरा विचार करू नका: एक बॉल म्हणजे एक वर्ष. धोका एकच, बॉल दहा सेकंदांत गेला तर वर्षच वाया जातं. म्हणून प्रत्येक बॉलला सुरुवातीला १५ सेकंदांचा बॉल सेव्ह (तेवढ्या वेळात बॉल गेला तर परत मिळतो) ठेवा आणि महिने घड्याळावर न चालवता स्विचच्या ठोक्यांवर चालवा. १२ ठोक्यांना एक महिना इथून सुरुवात करून पाहा. चार महिने होण्याआधी बॉल गेला तर एकदा परत द्या.

बारा-तेरा नायिका घेऊ नका. एका टेबलावर फ्लिपरवरून (बॉल मारणारे खालचे दोन हात) नीट नेम धरता येतील असे शॉट सहा-सातच बसतात. चार पात्रं घ्या आणि प्रत्येकीला तिच्या स्वभावाचा शॉट द्या. कियोकावा पोहणारी, तिला ऑर्बिट द्या: टेबलाला पूर्ण फेरी मारणारी लांब, वेगवान वाट. किसारागी साहित्य मंडळातली, शांत. तिला कोपऱ्यातला खळगा, जिथे बॉल जोरात मारला तर उसळून बाहेर पडतो आणि हलक्या हाताने मारला तर बसतो. हिमो ही जगावर राज्य करायला निघालेली वैज्ञानिक. तिच्याकडे चुंबक, बॉल धरून भलत्याच दिशेला फेकणारं. फुजिसाकी शेजारची, लहानपणापासूनची ओळखीची, तरी सगळ्यात अवघड. तिला मधला अरुंद रॅम्प, आणि त्याच्या तोंडावर सगळे गुण ठरावीक पातळीला गेल्याशिवाय न उघडणारं दार. असं केलंत की खेळणाऱ्याला पाटी वाचावी लागत नाही, हातालाच कळतं कोण कशी आहे.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पात्राचा चेहरा खाली पडणाऱ्या टार्गेटवर लावू नका. बॉल मारून मुलीचा चेहरा पाडायचा, हे या खेळाच्या मनाविरुद्ध आहे. टार्गेटवर पुस्तक, चेंडू, आरसा, परीक्षानळी अशा गुणांच्या खुणा लावा. चेहरे मागच्या काचेवर आणि डिस्प्लेवर असू द्या.

आता आकडे. प्रत्येकीची ओढ ० ते १२. भेटीचा शॉट लागला की तिची ओढ एकाने वाढते आणि तिचा दुर्लक्षाचा आकडा शून्यावर येतो; ओळख झालेल्या बाकी सगळ्यांचा दुर्लक्षाचा आकडा एकाने वाढतो. आकडा ६ झाला की बॉम्ब. बॉम्ब लागल्यावर आणखी चार भेटी दुसरीकडे झाल्या की तो फुटतो: जिचा बॉम्ब तिची ओढ ४ ने कमी, बाकीच्यांची २ ने. झाडाखालच्या शेवटाला हवी १० ओढ.

हे ६ आणि १० उगाच निवडलेले नाहीत. एका पूर्ण खेळात बरा खेळाडू २४ भेटी साधतो असं धरा. चौघींना सारखं वाटत गेला तर प्रत्येकीला ६, म्हणजे बॉम्ब कधीच लागत नाही पण शेवटी कोणीच बोलवत नाही. बॉम्ब टाळायचा तर बाकी तिघींपैकी प्रत्येकीला दर सहा भेटींत एकदा तरी भेटावं लागतं, म्हणजे २४ पैकी १२ भेटी त्यांच्या आणि १२ जिच्याबरोबर शेवट हवा तिच्या. हव्यात १०. खेळाडूच्या हातात फक्त दोन चुका शिल्लक राहतात. ही दोन चुकांची जागा म्हणजेच तुमचा खेळ. तुमच्या टेबलावर भेटी २४ ऐवजी १४ होत असतील तर हे प्रमाण धरून आकडे खाली आणा, आणि त्यासाठी हे सगळे आकडे स्क्रिप्टच्या अगदी वरच्या ओळींत स्थिर मूल्यं म्हणून ठेवा.

दुर्लक्ष सेकंदांत मोजायचा मोह होतो. तसं करू नका. पिनबॉलमध्ये चांगला खेळाडू बॉल फ्लिपरवर थांबवून नेम धरतो. घड्याळ चालू असेल तर त्याच्या कौशल्यालाच शिक्षा होते, आणि खळग्यात बॉल असताना डिस्प्लेवर संवाद चालू असेल तेव्हा तर बॉम्ब हकनाक फुटतो. भेटींवर मोजलं की खेळाडू शांतपणे विचार करू शकतो, आणि डेटिंग सिम हा विचार करून खेळायचाच प्रकार आहे.

ओढीचे आकडे उघडे दाखवू नका. मूळ खेळात योशिओ नावाच्या मित्राला फोन केल्यावरच कोण काय मानतं ते कळतं. डावीकडे एक छोटा खळगा त्या फोनसाठी ठेवा: बॉल तिथे गेला की तीन सेकंद चौघींची स्थिती दिसेल. एरवी प्रत्येक शॉटसमोर एकच दिवा. ओळख नसेल तर बंद, ओळख असेल तर स्थिर, बॉम्ब असेल तर लुकलुकता. लुकलुकण्याचं अंतर ४०० मिलिसेकंदांवरून दर भेटीला १०० ने कमी करत न्या. धोका आकड्याशिवाय कळतो.

ताणाचाही एक आकडा हवा. तोच शॉट सलग तीनदा मारला की ताण वाढेल, आणि ताण भरला की बाहेरच्या लेनमधला बॉल परत फेकणारा किकबॅक बंद. नाहीतर लोक ऑर्बिटच मारत बसतात.

शेवटाकडे या. तिसरा बॉल गेल्यावर लगेच खेळ संपवू नका. ओढ १० किंवा जास्त, गुण पुरेसे आणि एकही बॉम्ब पेटलेला नाही, असं असेल तर टेबल काळोखं करा, दोन सेकंद थांबा आणि एक बॉल स्वतःहून द्या. मधल्या रॅम्पचं दार उघडं, वर झाड. कोण बोलावते ते टेबल ठरवेल, खेळाडू नाही. त्याने फक्त तिथपर्यंत पोचायचं. इथे बॉल सेव्ह ठेवू नका. स्कोअरही याच्याशी जुळला पाहिजे: बंपर (बॉल उसळवणारे गोल खांब) एका ठोक्याला ५०० पॉइंट देत असतील तर हा शेवट दोन कोटींच्या आसपास असू द्या, म्हणजे नुसते बंपर वाजवत बसणारा कधीच वर जाणार नाही.

आता टेबलाची मापं. व्हिज्युअल पिनबॉलमध्ये बॉलचा व्यास ५० एकक, म्हणजे खरा १ पूर्णांक १/१६ इंच, साधारण २७ मिलिमीटर. खरं मशीन साधारण सव्वावीस इंच रुंद असतं, ते झालं ९५२ एकक. लांबी २१६२ ठेवा. तुमच्या टेबलावर सगळं ‘जरा मोठं’ किंवा ‘जरा लहान’ वाटतं, त्याचं कारण बहुतेक वेळा एकच: चित्राच्या मापाने टेबल आखलेलं असतं. बॉल ५० हे धरून बाकी सगळं मोजा. लेनची रुंदी ६० ते ७०. त्यापेक्षा अरुंद झाली की बॉल घासतो, रुंद झाली की आतल्या आत टपटप आपटत वेग घालवतो. फ्लिपर १४७ लांब, सुरुवातीचा कोन १२१, शेवटचा ७०. ताकद आधुनिक मशीनसारखी हवी तर ३२०० च्या आसपास, लवचीकता ०.८८ आणि तिची घट ०.१५. टेबलाचा उतार साडेसहा अंश, पृष्ठभागाचं घर्षण ०.१५ ते ०.२५ मध्ये. फ्लिपरची ताकद वाढवून रॅम्प ‘जमवू’ नका. रॅम्प चढत नसेल तर रॅम्प चुकला आहे.

रॅम्पचंच बघू, कारण तुमचा बॉल तिथे अडकतो. तोंड १०० ते ११० रुंद घ्या आणि वर जाताना ६५ ते ७० वर आणा. खालून बॉल जायचा असेल तर वरचं टोक किमान ११० उंच हवं. ही ११० ची चढण ३०० एककांत चढवली तर उतार वीस अंशांच्या आसपास जातो आणि चांगला शॉटही अर्ध्यातून परत येतो. तीच ५५० एककांत चढवा, अकरा-बारा अंश राहतो. रॅम्प वळतो तिथे नियंत्रणबिंदू जवळजवळ ठेवले की आतल्या कडेला घडी पडते; डोळ्यांना दिसत नाही, बॉलला लागते. वळणावर बिंदू कमी करा आणि गुळगुळीत पर्याय चालू ठेवा. दोन रॅम्प जोडताना दुसऱ्याची सुरुवातीची उंची पहिल्याच्या शेवटापेक्षा एक-दोन एकक खाली असू द्या; वर राहिली तर ती पायरी होते आणि हळू आलेला बॉल तिथेच थांबतो. वरच्या टोकाला अगदी सपाट जागा ठेवू नका, थोडा तरी उतार द्या.

आपोआप लागणारे ट्रिगर हाही बहुतेक इथलाच दोष. रॅम्पवर ठेवलेल्या ट्रिगरच्या गुणधर्मांत ‘सरफेस’ या रकान्यात त्या रॅम्पचं नाव घातलं नाही तर ट्रिगर दिसायला रॅम्पवर असतो, पण असतो जमिनीवर. मग खालून जाणारा बॉल त्याला लावतो आणि वरून जाणारा लावत नाही. फुजिसाकीची भेट न होता ओढ वाढताना दिसली तर आधी हेच तपासा.

ऑर्बिटला दोन ट्रिगर लागतात, डावा आणि उजवा. डाव्यानंतर अडीच सेकंदांत उजवा लागला तरच एक फेरी मोजा. नुसता एक धरलात तर अर्ध्यातून परत आलेला बॉल दोनदा मोजला जातो. बॉल सोडताना तो प्लंजरमधून (बॉल खेळात ढकलणारा दांडा) याच वाटेने येत असेल तर पहिली फेरी वगळायला विसरू नका, नाहीतर प्रत्येक वर्षाची सुरुवात कियोकावाच्या फुकटच्या भेटीने होईल.

खळग्यातून बॉल बाहेर फेकताना दिशा दरवेळी तीच ठेवली तर एकदा जमलेली गोष्ट नेहमी जमते आणि एकदा बिघडलेली नेहमी बिघडते. फ्लिपरच्या मधून थेट खाली जाणारा बॉल हे त्याचं सगळ्यात वाईट रूप. कोनात दोन अंशांचा यादृच्छिक फरक घाला आणि नेम फ्लिपरच्या खुंटीकडच्या अर्ध्यावर ठेवा, टोकावर नको.

हिमोच्या चुंबकासाठी सोबत येणाऱ्या ‘कोअर’ स्क्रिप्टमध्ये तयार वर्ग आहे. ट्रिगर आणि ताकद दिली की चालतो. धरल्यापासून दीड सेकंदात सोडा. जास्त वेळ धरलं की खेळाडूला टेबल अडकल्यासारखं वाटतं.

स्क्रिप्टबद्दल थोडं. पहिली ओळ ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’ हवीच. तिच्याशिवाय नावात एक अक्षर चुकलं तर व्हीबीस्क्रिप्ट (टेबलाची स्क्रिप्ट जिच्यात लिहितात ती भाषा) तक्रार न करता शून्याचं नवं चल (व्हेरिएबल) तयार करते आणि तुम्ही तासभर ओढ का वाढत नाही ते शोधत बसता. ओढ, दुर्लक्ष, ओळख हे चौघींसाठी वेगवेगळे बारा चल न करता तीन अ‍ॅरे करा. लक्षात ठेवा, ३ लिहिलं की ० ते ३ अशा चार जागा मिळतात. भेटीचं सगळं काम एकाच उपक्रियेत ठेवा आणि प्रत्येक ट्रिगरमधून फक्त पात्राचा क्रमांक पाठवा. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हीबीस्क्रिप्ट हळूहळू काढणार असल्याचं जाहीर केलं आहे, तेव्हा पेटीतल्या संगणकावर विंडोज नव्याने टाकलंत तर तो वैकल्पिक घटक चालू आहे का ते बघून घ्या.

मराठी संवाद दाखवायचे असतील तर फ्लेक्सडीएमडी (ठिपक्यांचा डिस्प्ले दाखवणारी जोडसोय) घ्या, पण अक्षरं फॉन्टमधून लिहू नका. त्याचे बिटमॅप फॉन्ट एकेक अक्षर शेजारी शेजारी ठेवतात. देवनागरीत जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी भलत्या जागी जाते. शिवाय १२८ बाय ३२ ठिपक्यांत शिरोरेषा, वरची मात्रा आणि खालचा उकार धरून जेमतेम एक ओळ वाचता येते. प्रत्येक वाक्य चित्र-संपादकात लिहून तयार चित्र म्हणून दाखवा, शक्य असेल तर २५६ बाय ६४ वर. वाक्यं चार-पाच शब्दांचीच ठेवा. बॉल फिरत असताना त्याहून जास्त कोणी वाचत नाही. ‘परत कधी येशील?’ एवढं पुरतं.

चित्रांच्या हक्कांचं. पैसे घेत नाही म्हणून परवानगी आहे, असं होत नाही. याच खेळातल्या नायकाचे गुण बदलून देणाऱ्या मेमरी कार्डांवरून कोनामीने खटला लढवला आणि १३ फेब्रुवारी २००१ रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल कोनामीच्या बाजूने दिला. तेव्हा खेळातून चित्रं, आवाज, संगीत काढून टेबलात घालू नका. घरापुरतं खेळायचं तरी चित्रं स्वतः काढा. आणि टेबल इतरांसाठी ठेवायचं असेल तर पात्रंही आपली करा: बंदरावर रोज पोहणारी, वाचनालयात बसणारी, सुट्टीत उलटसुलट प्रयोग करणारी. वर लिहिलेल्या शॉटच्या आखणीत एका रेषेचाही फरक पडत नाही. टेबलाचं चित्र १८०४ बाय ४०९६ पिक्सेल करा, प्रमाण बरोबर बसतं. लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर चित्रांची कमाल मर्यादा कमी करा आणि प्रतिबिंबं बंद करा. फ्रेम अडखळली की फ्लिपर उशिरा लागल्यासारखा वाटतो आणि दोष नियमांना दिला जातो.

गणपती पावसातच येतात, म्हणून पेटीबद्दल जरा सांभाळून. किनाऱ्याच्या खाऱ्या दमट हवेत साधा प्लाय पाऊस संपेपर्यंत फुगतो. १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय घ्या आणि सुताराला सांगून कापलेल्या कडा रंगाआधी सील करून घ्या. पाणी कडेतून शिरतं. फ्लिपरच्या बटणांना उघड्या पानांचे स्विच जुन्या मशीनसारखे छान लागतात, पण त्यांच्या टोकांवर लवकर गंज चढतो आणि बटण मधेच दाद देत नाही. बंद मायक्रोस्विच वापरा. वायरींची टोकं नुसती पिळून ठेवू नका, कथिलाने जोडून वर आवरण घाला. ३२ इंची टीव्ही आडवा झोपवलात तर त्याचा ‘गेम मोड’ चालू करा, नाहीतर चित्र मागे राहतं. मागे पंख्यासाठी जाळी ठेवा आणि पेटी भिंतीपासून वीतभर पुढे.

वीज जाणार, हे धरूनच चाला. लहान यूपीएसवर एक बॉल संपवून संगणक नीट बंद करण्याएवढा वेळ मिळतो. सर्वोच्च स्कोअर ‘सेव्हव्हॅल्यू’ या आज्ञेने टेबल बंद होताना साठवत असाल तर ते बदला, प्रत्येक खेळ संपताच साठवा. घरातल्या मुलांनी केलेला विक्रम वीज गेल्यामुळे पुसला गेला तर त्याची भरपाई नाही.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी पांढऱ्या टेबलावर फ्लिपर, ऑर्बिट आणि मधला रॅम्प, प्रत्येक शॉट दोन्ही फ्लिपरवरून थांबवलेल्या बॉलने दहादा मारून बघा. रॅम्प दहापैकी सहा-सातदा लागायला हवा, किसारागीचा खळगा चार-पाचदा. मग ओढ-दुर्लक्षाचे अ‍ॅरे, आणि डीबग खिडकीत प्रत्येक भेटीला चारही आकडे छापून घ्या. त्यानंतर दिवे, मग डिस्प्ले, आणि चित्रं सगळ्यात शेवटी. डेटिंग सिम कधी न खेळलेल्या कोणाला तरी काही न सांगता बसवा. दुसऱ्या बॉलपर्यंत त्याने लुकलुकता दिवा बघून नेम बदलला नाही, तर बॉम्बचा आकडा ६ वरून ५ करा आणि दिवा शॉटच्या आणखी जवळ आणा.